अल्टरनेटर नेमका कोणाचं ऐकतो?

समजा, तुम्ही घरीच छोटी चारचाकी बांधताय. हे अशक्य नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी अशीच, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती देशभर गाजली. तुम्हाला भंगारात एका अलीकडच्या गाडीचा अल्टरनेटर स्वस्तात मिळाला. तो बसवला, पट्टा चढवला, इंजिन सुरू केलं. बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर १२.५ व्होल्ट. अल्टरनेटर खराब आहे का?

एवढ्यावरून सांगता येत नाही. का, ते बघू.

अल्टरनेटरच्या रोटरमधलं चुंबक कायमचं नसतं. गुंडाळीतून करंट सोडला की ते तयार होतं. किती करंट सोडायचा, हे रेग्युलेटर ठरवतो. जुन्या पद्धतीत त्याचं लक्ष्य आतच ठरलेलं असतं, साधारण १४.२ व्होल्ट. व्होल्टेज घसरलं की करंट वाढवायचा, चढलं की कमी करायचा.

बऱ्याच नव्या गाड्यांत हे लक्ष्य बाहेरून येतं. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ते ठरवून एका वायरवरून रेग्युलेटरला कळवतो. या संदेशपद्धतीला 'लिन' म्हणतात. कारण इंधन. माहूरगडाचा चढ घ्या. १४ व्होल्टला १०० अँपिअर म्हणजे १४०० वॅट. तोटा धरला तर इंजिनवर सुमारे २ किलोवॅटचा बोजा. म्हणून चढावर ईसीयू चार्जिंग कमी करू शकतो आणि उतारावर, ॲक्सिलरेटर सोडला की, वाढवतो. तिथे चढावरचे १२.५ व्होल्ट हा बिघाड नसून ठरवून केलेली गोष्ट असते.

तुमच्या गाडीत ईसीयूच नाही. संदेश आला नाही तर बरेच रेग्युलेटर स्वतःच्या एका सुरक्षित व्होल्टेजवर जातात, पण काही इंजिनचे फेरे वाढल्याशिवाय जागेच होत नाहीत. म्हणजे तोच आकडा 'बिघडलाय', 'झोपलाय' किंवा 'आदेशाची वाट बघतोय' असं काहीही सांगत असेल.

मग एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी रेस वाढवा, मग हेडलाइट लावा, प्रत्येक वेळी आकडा लिहा. तो १३.५ च्या वर जाऊन हेडलाइट लावल्यावरही टिकला तर काम होतंय. हललाच नाही तर पार्ट नंबरवरून माहितीपत्रक शोधा. मग एकतर मायक्रोकंट्रोलरने योग्य संदेश पाठवा, नाहीतर सरळ जुन्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवा. कंट्रोल पिनला अंदाजाने वायर जोडू नका. आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून 'चेक' तर अजिबात करू नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर जळू शकतो.

लॅबमध्येही हेच. इन्क्युबेटर असो की भट्टी, रीडिंग चूक ठरवण्याआधी लक्ष्य कोण ठरवतंय ते वहीत लिहा. ते लिहिता येत नसेल, तर त्या रीडिंगवर निष्कर्ष काढायची वेळ अजून आलेली नाही.