पेटीत न मावणारे सुख

चोर्ल्याचा घाट चढून बेळगावकडे जाणारी वाट गोमंतकीयांना परकी नाही. आमच्या बाजारातली भाजी त्या वाटेने उतरते; आणि दुखणेबाणे, मुलांचे शिक्षण किंवा लग्नाची खरेदी निघाली की आमची माणसे त्याच वाटेने वर जातात. सरकारदप्तरी १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ झालेले हे शहर आणि उत्तरेस महाराष्ट्राच्या वेशीला टेकलेली निपाणी, यांच्यामधील मुलखात गेल्या पंधरवड्यात आमचे चार दिवस गेले. हा मुलूख आम्ही आजवर दोन गोष्टींसाठी ओळखत आलो. एक, १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपासून न मिटलेला सीमाप्रश्न. आणि दुसरी, येथून पलटणीत जाणारे मुलगे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रच बेळगावात आहे. पूर्वी ओसरीवर बसलेला म्हातारा ‘मुलगा पलटणीत आहे’ असे अभिमानाने सांगे. आता तितक्याच अभिमानाने ‘मुलगा बाहेर आहे’ असे ऐकू येते. आणि ‘बाहेर’ म्हणजे पुणे-मुंबई नव्हे, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे असते.

अशाच एका घरी, निपाणीजवळच्या एका गावात, आमची एक संध्याकाळ गेली. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून राबून निवृत्त झालेले. मुलगा इंजिनिअर, अमेरिकेत स्थिरावलेला, तीन वर्षांनी सुट्टीवर आलेला. चहा येईपर्यंत तो जरा अवघडून होता; पण तिकडच्या घराचा विषय निघाला आणि त्याची कळी खुलली. भांडी घासून कोरडी करून देणारे यंत्र, कपडे धुणारे एक आणि ते वाळवणारे दुसरे, अंथरुणात पडल्या पडल्या नुसत्या शब्दाने मालवता येणारा दिवा, दाराशी कोण आले ते कचेरीत बसल्या जागी दाखवणारी घंटा, अशा एकेकाचे वर्णन तो करू लागला. केर काढीत घरभर आपली आपण फिरणाऱ्या एका तबकडीवर तर त्याचा विशेष जीव. ‘‘काका, ती पलंगाखाली अडकली ना, की मला हाक मारते,’’ असे सांगताना हा पस्तिशीचा गृहस्थ जत्रेतून भिंगरी घेऊन परतलेल्या पोरासारखा हसत होता.

खरे सांगायचे तर आमच्या मनात प्रथम आले ते उपदेशाचेच शब्द. यंत्रे माणसाला आळशी करतात, वस्तूंनी घर भरते पण मन रिते राहते, इत्यादी. संपादकाच्या खुर्चीला या उपदेशाची जुनी सवय आहे. पण त्याच वेळी आमची नजर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून हे सारे ऐकणाऱ्या त्याच्या आईकडे गेली, आणि शब्द ओठांवरच राहिले. आपल्या समाजात साधेपणाचा महिमा ज्यांनी अधिक गायिला, त्यांच्या घरचे पाणी बहुधा दुसऱ्याच कोणी तरी भरलेले असे. खरकट्या भांड्यांचा ढीग ज्याने कधी उपसला नाही, त्याने भांडी घासणाऱ्या यंत्राला हसावे यात कसला आला विवेक?

महात्मा गांधी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावातच भरले होते. त्याच वर्षी, अधिवेशनापूर्वी थोडे दिवस, यंत्रांविषयी एका तरुणाशी बोलताना गांधीजींनी शिवणयंत्राला आपल्या टीकेतून वगळले होते. पत्नीचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते यंत्र घडवले, त्याच्या मुळाशी प्रेम आहे, अशी त्यांची धारणा होती. इतिहासात ही कथा कितपत टिकेल हा प्रश्न वेगळा. कसोटी म्हणून मात्र ती आजही चोख आहे. यंत्र देशी की विदेशी, स्वस्त की महाग, हे नंतर पाहावे. आधी पाहावे ते एवढेच, की त्याने कोणाच्या पाठीवरचा भार उतरला.

विदेशी वस्तूंचा मोह म्हणजे काय, हे आम्हा गोमंतकीयांना कोणी शिकवायला नको. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगीज राजवटीने खनिजाच्या पैशावर परदेशी मालाची आयात खुली ठेवली. घाटापलीकडे जे सहसा दृष्टीस पडत नसे, ते पणजी-मडगावच्या दुकानांतून राजरोस मांडलेले असे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर जे पाहुणे घाट उतरून आले, त्यांच्यापैकी अनेकांची पावले देवळांच्या आधी या दुकानांकडे वळली. पुढे १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, आखातात पैशाचा पूर आला आणि गोव्या-कोकणातील हजारो तरुण तिकडे गेले. मग गावोगावच्या ओसऱ्यांवर जपानी टू-इन-वन वाजू लागले, मनगटांवर घड्याळे चमकू लागली. स्कूटरसाठी आणि टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे क्रमांक लावून बसावे लागे, रंगीत दूरदर्शन १९८२ साली कोठे सुरू झाले, अशा त्या काळात परदेशातून आलेल्या माणसापेक्षा त्याच्या पेटीचीच वाट अधिक पाहिली जाई. पेटी उघडण्याच्या वेळी शेजारीपाजारी जमत, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना आठवत असेल.

तो काळ गेला. १९९१ नंतर आर्थिक धोरण पालटले आणि दुकाने भरली. अमेरिकेत मिळते त्यातील बहुतेक सारे आज बेळगावच्या बाजारात मिळते. मग परदेशस्थाचे खास असे सुख उरले कोणते? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या घराच्या ओटीवरच मिळाले. दोन वर्षांपूर्वी मुलाने पैसे पाठवून आईसाठी कपडे धुण्याचे यंत्र घेतले होते. ते भिंतीशी उभे होते. त्यावर कशिदा काढलेला रुमाल अंथरलेला, आणि रुमालावर पितळी फुलदाणी. ‘‘वापरत नाही का?’’ असे आम्ही विचारले. माउली म्हणाली, ‘‘नळाला पाणी येतं आठवड्यातून दोनदा, तेही तासभर. त्याच्या पोटात ओतायला मी बादल्या भरत बसू, की त्यापेक्षा हातानंच धुऊ?’’ मुलाने मान खाली घातली. तबकडीच्या गोष्टी तेथेच थांबल्या.

यंत्र तेच. पण मुलाच्या घरी ते आईचे कष्ट वाचवणारे साधन ठरले असते, आणि आईच्या घरी ते फुलदाणीचे आसन झाले. फरक यंत्रात नाही. यंत्राच्या पाठीमागे भिंतीत जो नळ असतो, त्याच्यात आहे. २०२२ साली परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी धाडलेला पैसा १११ अब्ज डॉलरच्या घरात गेला. शंभर अब्जांचा टप्पा ओलांडणारा आपला देश जगातला पहिला. या पैशाने घरे उभी राहिली, शिक्षणे झाली, कर्जे फिटली. पण असा पैसा घराच्या उंबऱ्यापर्यंतच पोचतो. टँकर विकत आणता येतो. नळाला चोवीस तास पाणी एकट्याच्या पैशाने आणता येत नाही. ते सर्वांना मिळते किंवा कोणालाच मिळत नाही.

हे आपल्याकडे होणेच शक्य नाही, असे म्हणणाऱ्यांना बेळगावनेच उत्तर दिले आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००८ च्या सुमारास या शहराच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झाले. हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा येथेही तो प्रयोग झाला. पुढे साऱ्या शहरासाठी तशी योजना हाती घेण्यात आली. शहर तेच आणि माणसेही तीच. बदलली ती व्यवस्था. तेव्हा दोष आपल्या रक्तात आहे, ही सबब आता पुरे.

निघताना आम्ही त्या तरुणाला विचारले, ‘‘इथे आल्यावर तिकडच्या कोणत्या सुखाची सर्वांत अधिक आठवण होते?’’ आमची अपेक्षा तबकडीची होती. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘काका, तिकडे काम व्हायला मला कुणाची ओळख लागत नाही.’’ कचेरीत रांगेत उभे राहावे, आपला क्रमांक येताच खिडकीपाशी जावे आणि कागद घेऊन निघावे. खिडकीतला माणूस आपले गाव, जात वा भाषा विचारीत नाही. अमेरिकेत कित्येक राज्यांत वाहन परवान्याची लेखी परीक्षा इंग्रजीखेरीज इतर भाषांतही देता येते, हेही त्याने सांगितले. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळावेत, या मागणीत ज्या मुलखाच्या पिढ्या गेल्या, त्या मुलखातला मुलगा हे सांगत होता. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, नवल होते. आम्हांला ते नवलच अधिक झोंबले.

परदेश पाहावा कसा, याचा धडा मराठीत फार पूर्वी घातला गेला आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. १८८९ साली त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झाले. तेथल्या चीजवस्तूंवर त्या थांबल्या नाहीत. तेथले राज्य कसे चालते, शाळा कशा चालतात, घरे कशी चालतात आणि स्त्रिया एकत्र येऊन काय करू शकतात, हे त्यांनी आपल्या माणसांना सांगितले. दुसरा धडा तर बेळगावच्याच मातीतला. जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली आपल्या बंधूंसमवेत बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. सायकल ही त्या काळची परदेशी चैन. पण दुरुस्त करता करता हातात आलेली विद्या त्यांनी कडबा कापण्याच्या यंत्राला आणि लोखंडी नांगराला लावली. लोखंडाने जमीन नासते असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यांची समजूत घालता घालता त्यांना बराच काळ पहिल्या गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागली. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. चैनीच्या वस्तूचा आनंद घेणारे तेव्हाही पुष्कळ होते. त्या आनंदातून नांगर काढणारा एकच निघाला.

परदेशातील सारेच सुख एका मापाचे नसते, हेही येथे सांगितले पाहिजे. आखाताच्या उन्हात इमारती बांधणारा गवंडी, ज्याचा राहण्याचा परवाना मालकाच्या मर्जीशी जखडलेला असतो आणि जो एका खोलीत पाच-सहा जणांसह राहतो, त्याच्यापाशी चैनीची वस्तू एकच, हातातला फोन. त्यावर रात्री मुलाचे तोंड पाहून तो झोपतो. आणि अमेरिकेतल्या इंजिनिअरच्या घरीही इतकी यंत्रे लागतात, याचे एक कारण असे की हाक मारावी असे तेथे दुसरे कोणी नसते. अडकलेली तबकडी त्याला हाक मारते याचे त्याला इतके कौतुक का, हे ध्यानात आले तेव्हा आमचेही हसू मावळले.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. परदेशातून आलेल्या मुलाने तिकडच्या सुखाचे वर्णन केले तर त्याला ‘फार शहाणा झाला’ म्हणून झिडकारू नये, त्याचे ऐकावे. मात्र ‘तुमच्याकडे काय यंत्रे आहेत’ यापाशी न थांबता ‘तुमच्याकडे नळ कोण सांभाळतो, हिशेब कोण तपासतो, चुकला तर जाब कोणाला विचारता’ हेही त्याला विचारावे. परदेशस्थानेही विमानातून उतरताच तिकडची रांग विसरू नये. आणि गावाने आपली ताकद ओळखावी. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी याच निपाणीचे शेतकरी महामार्गावर उतरले. ६ एप्रिलच्या गोळीबारात त्यांच्यातले काही जिवाला मुकले. घामाचे मोल मागण्यासाठी जो गाव एवढी किंमत मोजू शकतो, त्याला नळाच्या पाण्याचा जाब विचारणे जड जाऊ नये. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या तिथल्या बायकांनाही संध्याकाळी तेच पाणी भरावे लागते, आणि त्यांच्यासाठी परदेशातून कोणी यंत्र पाठवणार नाही. मुलाने यंत्र पाठवून आपले कर्तव्य केले. त्या यंत्रावरचा रुमाल निघतो की नाही, हे आता इथल्या माणसांच्या हाती आहे.