गळक्या पन्हळीचा हिशेब

"आई, घराचं गटर गळतंय," असे मी व्हिडिओ कॉलवर सांगितले, तेव्हा तिकडे चिपळूणला आईने पदर नाकाला लावला. "अरे, मग नगरपालिकेला कळव की! लहान मूल आहे घरात." मग मला खुलासा करावा लागला की इथले गटर जमिनीत नसते, छपराच्या कडेला असते, आणि त्यातून सांडपाणी नाही, पावसाचे पाणी वाहते. "मग सरळ पन्हळ म्हण ना," बाबा मागून म्हणाले. तेव्हा या लेखात मी पन्हळच म्हणणार आहे. दुकानात मात्र गटरच मागा.

आता आरोग्य आणि अर्थ या सदरात पन्हळीचे काय काम, असे आपल्याला वाटेल. वर्षभरापूर्वी मलाही तसेच वाटले असते.

आम्ही रेडिंगमधले हे घर २०२१ साली घेतले. १९३० च्या दशकातले, शेजारच्या घराला एका भिंतीने चिकटलेले, समोर काळ्या प्लॅस्टिकची अर्धगोल पन्हळ. त्या वर्षी बँक ऑफ इंग्लंडचा दर जवळजवळ वर्षभर ०.१ टक्का होता, त्यामुळे दोन वर्षांसाठी बांधलेला आमचा हप्ताही हलका होता. ऑगस्ट २०२३ मध्ये तोच दर ५.२५ टक्के झाला आणि नेमकी त्याच शरद ऋतूत आमची मुदत संपली. हप्ता महिन्याला चारशेहून अधिक पौंडांनी वाढला. तेव्हापासून ज्या गोष्टीचे बिल आलेले नाही ती गोष्ट अस्तित्वातच नाही, असे आमच्या घरचे अर्थधोरण ठरले.

पन्हळीचे बिल आले नव्हते. नुसते टप टप ऐकू येत होते. नोव्हेंबरात लेकीच्या खोलीतला वॉलपेपर एका कोपऱ्यात फुगला. डिसेंबरात सौ.ने कपाट पुढे ओढले, तर मागे भिंतीवर काळ्या बुरशीचे ठिपके, तव्यावर जळलेल्या मोहरीसारखे. लेक चार वर्षांची. तिचा खोकला दिवाळीपासून चालूच होता. डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात ओल आहे का?" लहान मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना ओल आणि बुरशीचा त्रास अधिक होतो, हे त्यांनी शांतपणे सांगितले. घरी येताना गाडीत आम्ही दोघेही गप्प होतो. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये वारलेल्या अवाब इशाक या दोन वर्षांच्या मुलाची बातमी आम्ही दोघांनी वाचली होती. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने त्याला श्वसनाचा विकार झाला आणि त्यातच तो गेला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉरोनरने काढला. त्याच्या नावाने पुढे कायद्यात तरतूद झाली, पण ती सामाजिक घरे चालवणाऱ्या संस्थांसाठी आहे. आमच्या घराचे मालक आम्हीच, तेव्हा तक्रार करायची तर कोणाकडे?

त्या रात्री मी हिशेब केला. आमच्या छपराची पुढची बाजू जमिनीवर मोजली तर साधारण सहा मीटर बाय चार मीटर. दहा मिलिमीटर पाऊस पडला की २४० लिटर पाणी, म्हणजे सोळा लिटरच्या पंधरा बादल्या. यातली एक बादली जरी दर वेळी त्या एका जोडातून भिंतीच्या त्याच कोपऱ्यावर उपडी होत असेल, तर भिंत वाळणार कधी? घरात हीटर कितीही तापवा. त्या हिवाळ्यात मी तो तापवलाही, आणि गॅसचे बिल मात्र आले.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात हेंक वादळ येऊन गेले, आणि पुढच्या शनिवारी मी सिलिकॉन सीलंटची नळी आणून शिडीवर चढलो. इंजिनिअर असल्यामुळे मॅन्युअल वाचण्याचा प्रश्न नव्हता. शिडी पन्हळीलाच टेकवली होती. ओल्या, शेवाळलेल्या जोडावर बाहेरून भरपूर सीलंट फासले आणि उरलेले पुसायला उजवीकडे झुकलो, तोच शिडीचे वरचे टोक गुळगुळीत प्लॅस्टिकवरून सरकले. वीतभरच सरकले आणि ब्रॅकेटला अडकून थांबले. खाली सिमेंटचा रस्ता होता. शेजारचे आजोबा, रेल्वेतून निवृत्त झालेले इंग्रज गृहस्थ, अंगणातून ओरडले, "खाली उतर! आता लगेच!" मी उतरलो. पाय बराच वेळ लटलटत होते. खिडकीत सौ. आणि लेक उभ्या होत्या. त्यानंतर दोन दिवस घरात या विषयावर कोणी बोलले नाही.

सीलंट तीन आठवडे टिकले. मग जोड पूर्वीपेक्षा जास्त गळू लागला.

विमा कंपनीला फोन केला. वादळाने पन्हळ उडाली असती तर दावा बसला असता. हळूहळू झिजून गळणारी वस्तू मात्र देखभालीत येते आणि देखभाल विम्यात बसत नाही. आपल्या पॉलिसीतही हे कलम बहुधा असेलच, एकदा काढून वाचा. छपरवाल्याने संपूर्ण पन्हळ बदलण्याचे ७८० पौंड सांगितले. "एकच जोड गळतो आहे," म्हटले, तर म्हणाला, आज तो, उद्या दुसरा. तो खोटे बोलत होता असे मी म्हणत नाही, पण ७८० पौंड म्हणजे आमचे दोन महिन्यांचे वाढीव हप्ते.

मार्चअखेर आई-बाबा आले. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षे होते. आल्या दिवशी त्यांनी पन्हळीकडे वर पाहिले आणि म्हणाले, "शाकारणी मे महिन्यात करतात रे, भर पावसात नाही." कोकणात कौले चाळण्याचे काम पावसाआधी उरकतात, हे मलाही ठाऊक होते, फक्त इथे पावसाआधीचा असा महिना नेमका कोणता, ते तीन वर्षांत कळले नव्हते. एप्रिलमध्ये बाबा चहाचा कप घेऊन खिडकीत बसत. चौथ्या दिवशी त्यांनी निकाल दिला. "सकाळच्या गारठ्यात पाऊस आला की धार लागते. दुपारी ऊन पडून गेल्यावर तशीच सर आली तर नुसते थेंब. भोक असतं तर दोन्ही वेळा सारखंच गळलं असतं. तुझा पाइप आखडतोय." आणि माझे ते सीलंट पाहून म्हणाले, "गॅस्केट गेलं तर त्यावर लांबी फासतात होय?"

सगळा उलगडा त्यात होता. प्लॅस्टिकची पन्हळ चिकटवलेली नसते. साधारण चार मीटरचे दोन तुकडे एका जोड-ब्रॅकेटमध्ये (दुकानात याला 'युनियन' म्हणतात) दोन्ही बाजूंनी सरकवून बसवलेले असतात आणि आतल्या रबरी सीलवर ते दाबले जातात. पीव्हीसी तापमानाच्या प्रत्येक अंशाला मीटरमागे सुमारे ०.०६ मिलिमीटर वाढते किंवा आखडते. काळी पन्हळ उन्हात ४५ अंशांपर्यंत तापली आणि थंडीत शून्यावर आली, तर चार मीटरच्या तुकड्यात जवळजवळ ११ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून युनियनच्या आत एक खूण असते. तुकड्याचे टोक त्या खुणेपर्यंतच न्यायचे, पुढे ढकलायचे नाही आणि मागेही ठेवायचे नाही. मधली मोकळी जागा या हालचालीसाठीच ठेवलेली असते. सीलंट वाळून एका जागी बसते, पन्हळ मात्र रोज सरकते, त्यामुळे ते निसटणारच. ओल्या, मळक्या प्लॅस्टिकवर तर ते धड चिकटतही नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी कोरडे ऊन पडले. कडक थंडीत हे काम करू नये, प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि ब्रॅकेटचे कान मोडतात. शेजारच्या आजोबांनी आपला स्टँड-ऑफ आणून दिला. हा एक आडवा दांडा असतो. तो शिडीला लावला की शिडी पन्हळीला न टेकता भिंतीला टेकते. शिडी चारास एक, म्हणजे चार मीटर उंचीला पाया भिंतीपासून एक मीटर दूर; वरच्या तीन पायऱ्यांवर उभे राहायचे नाही; आणि कंबरेचा पट्टा शिडीच्या दोन दांड्यांच्या आत राहील इतकेच झुकायचे. त्यापेक्षा लांबचे काम असेल तर उतरून शिडी हलवायची. "नारळावर चढलेला माणूस आहे मी," असे म्हणत बाबा पुढे आले, पण ते सत्तरीचे आहेत. सौ.ने त्यांना शिडी धरायला उभे केले आणि तिथून हलू नका असे बजावले. तिचे तेवढे ऐकतात.

वर गेल्यावर दिसले ते असे. पन्हळीत छपरावरून उतरलेली वाळू आणि शेवाळ तळाशी बोटभर साचलेले. ते खुरप्याने काढून बादलीत भरले. ब्रॅकेटचा मागचा कान बोटाने ढकलून, पन्हळीची पुढची कड आत दाबून ती उचलली, तर टक्कन सुटली. रबरी सीलवर वाळूचे कण रुतलेले, आणि एका बाजूने तुकडा खुणेच्या पुढे गेलेला, दुसऱ्या बाजूने खुणेपर्यंत पोचतही नव्हता. कारण पलीकडच्या आधाराच्या ब्रॅकेटचा एक स्क्रू गंजून तुटला होता आणि पन्हळ वर्षानुवर्षे तसूतसूने एकीकडे सरकली होती. थंडीत आखडली की तिचे टोक सीलवरून पार सुटायचे. छपरवाल्याच्या ७८० पौंडांचे मूळ तो एक स्क्रू होता. आमच्या धंद्यात याला बग सापडणे म्हणतात, आणि तो नेहमी दुसऱ्याच फाइलमध्ये असतो.

सील काही युनियनमध्ये सुटे असते, ते कोमट साबणपाण्याने धुऊन पुन्हा बसवता येते. आमचे दबून चपटे झाले होते आणि माझ्या सीलंटने माखलेही होते, म्हणून अख्खे युनियनच बदलले. इथे एक सावधगिरी. सगळ्या अर्धगोल पन्हळी दिसायला सारख्या असल्या तरी वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतीलच असे नाही. जुन्या भागावर आतून छापलेली अक्षरे पाहून घ्या, किंवा तो भागच पिशवीत घालून दुकानात न्या. मी आधी अंदाजाने आणलेला परत करावा लागला. नवे बसवताना सीलवर सिलिकॉन स्प्रे मारायचा, तेल किंवा ग्रीस लावायचे नाही, कारण खनिज तेलाने ते रबर फुगते आणि खराब होते. पन्हळीची मागची कड आधी कानाखाली, मग पुढची कड खाली दाबायची. खट् असा आवाज आला की बसली. तुटलेल्या स्क्रूच्या जागी स्टेनलेसचा नवा, थोडा बाजूला, चांगल्या लाकडात. फळी कुजलेली असेल तर मात्र स्क्रूने भागत नाही, तिथे सुतारालाच बोलवा.

मग वरच्या टोकाने झारीने पाणी ओतले. बाबा खाली जोडाच्या खाली हात धरून उभे. "कोरडा," ते म्हणाले. दुसरी झारी. "कोरडाच." आईने वरच्या खिडकीतून विचारले, "झालं का तुमचं गटर?"

एकूण खर्च: दोन युनियन (एक शेजाऱ्यांच्या हद्दीजवळचे, तेही झिजले होते), स्प्रे, स्क्रू आणि पुढे मी विकत घेतलेला माझा स्वतःचा स्टँड-ऑफ धरून ५६ पौंड. शेजाऱ्यांची आणि आमची पन्हळ सलग आहे, म्हणून काम करण्याआधी त्यांना विचारले होते. नंतर आईने त्यांच्याकडे पुरणपोळ्या पाठवल्या.

भिंत लगेच वाळली नाही. वीट उन्हाळाभर पाणी सोडत राहिली. ऑगस्टपर्यंत थांबून मगच रंग दिला. लेकीचा बिछाना तोवर आमच्या खोलीत होता. तिचा खोकला पन्हळीमुळेच होता असे मी छातीठोकपणे सांगणार नाही, नर्सरीतली मुले दर आठवड्याला नवा खोकला घरी आणतात. पुढच्या हिवाळ्यात तो कमी होता, एवढे खरे.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात. त्यांनी शिडीवर चढूच नये. इंग्लंडमध्ये सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकराराला १९८५ चा लँडलॉर्ड अँड टेनंट कायदा लागू होतो आणि त्याच्या अकराव्या कलमात घरमालकाने दुरुस्त ठेवायच्या गोष्टींत गटर हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. घरमालकाला फोन करून थांबू नका. तारीख घालून, फोटो जोडून लेखी कळवा.

आणि घर २००० सालाच्या आधीचे असेल तर छपराच्या कडेखालच्या फळीत किंवा जुन्या सिमेंटच्या पन्हळीत ॲस्बेस्टॉस असू शकते; या देशात त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. खात्री नसताना तिथे ड्रिल मारू नका, घासू नका, आधी तपासून घ्या.

ता. क. : माझी शिडी गॅरेजमध्ये पडून असते. मंडळाच्या कोणाला हवी असल्यास शनिवारी सकाळी येऊन घेऊन जावी. स्टँड-ऑफशिवाय मिळणार नाही, ही सौ.ची अट आहे.