पहिल्या क्रमांकाचे राजकारण

छापील शब्दावरचा हक्क आपल्या समाजाने फार उशिरा आणि फार झगडून मिळवला. त्यामुळे त्या शब्दावर आपला विश्वासही जरा जास्तच आहे. पडद्यावर उमटणारा शब्द आयताच त्या विश्वासाचा वारसदार झाला. अमरावती-अकोल्याकडे शिकवताना मी हे रोज पाहतो. ज्याच्या घरात विचारायला पदवीधर बाप नाही, काका नाही, तो गूगलला विचारतो. मीही घरातला पहिलाच पदवीधर. पण माझ्या वेळी हे काम वसतिगृहातली वरच्या वर्गातली मुले करीत, आणि ती निदान ओळखीची असत.

बी.ए.च्या एका विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीचा अर्ज समजून कुठल्याशा संकेतस्थळावर जात, उत्पन्न, आधार क्रमांक सारे भरले. वर 'प्रक्रिया शुल्क' म्हणून ३५० रुपये पाठवले. शिष्यवृत्तीच्या अर्जाला शासन शुल्क घेत नाही, हे तिला सांगणारे कोणी नव्हते. हेच संकेतस्थळ का निवडलेस, असे विचारले तर म्हणाली, "सर, पयलं नाव तेच होतं ना."

पहिले नाव कोणाचे, हे ठरते कसे? १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी एक पद्धत मांडली. एखाद्या पानाकडे इतर किती पाने बोट दाखवतात, आणि बोट दाखवणारी ती पाने स्वतः किती वजनदार आहेत, यावरून त्या पानाची प्रतिष्ठा मोजायची. आज गूगल याखेरीज इतर अनेक गोष्टी पाहते; पण शिफारशीचे तत्त्व अजून जिवंत आहे. आपल्या वाचकाला हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागू नये. ज्याची शिफारस मोठा माणूस करतो तो वर बसतो, ज्याची कोणीच करीत नाही तो खाली राहतो, मग त्याच्यापाशी खरे ज्ञान असो वा नसो.

जिथे शिफारशीला मोल येते तिथे खोट्या शिफारशींचा बाजार भरतो. एकमेकांकडे बोट दाखवणारी शेकडो बनावट पाने उभी केली जातात. पानात 'शिष्यवृत्ती', 'शेवटची तारीख', 'ऑनलाइन अर्ज' हे शब्द कोंबले जातात. एके काळी ते पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवीत, म्हणजे माणसाला दिसू नयेत आणि यंत्राला दिसावेत. गूगलच्या यांत्रिक वाचकाला एक चेहरा आणि माणसाला दुसरा, हीही एक युक्ती. कमाई जाहिरातींवर होते, किंवा भोळेपणाने भरलेल्या माहितीवर. २०११ आणि २०१२ मध्ये 'पांडा' आणि 'पेंग्विन' या नावांनी, आणि पुढे २०२४ मध्ये नवे नियम करून गूगलने हे रोखू पाहिले. धंदा थांबला नाही.

सर्वांत लबाड युक्ती आहे ती दुसऱ्याच्या प्रतिष्ठेत शिरण्याची. मे २०२४ मध्ये असे उघड झाले की गोवा, कर्नाटक, केरळ, बिहार, तेलंगणा, मिझोराम अशा राज्यांशी संबंधित शासकीय पत्त्यांवरचे काही दुवे वाचकाला थेट ऑनलाइन सट्ट्याकडे नेत होते. पत्त्याच्या शेवटी शासनाचे आडनाव होते, म्हणून यंत्राने विश्वास ठेवला. आडनाव पाहून माणूस जोखणाऱ्या समाजाची रीत यंत्रानेही उचललेली दिसते!

अशा पानांवरची तुटकी, अर्थहीन वाक्ये पाहून पुष्कळांना गूढ वाटते. १९९६ मध्ये यूजनेट या जाळ्यावर 'मार्कोव्हियन पॅरॅलॅक्स डेनिग्रेट' अशा शीर्षकाचे शेकडो निरर्थक संदेश आले, त्यांत गुप्त संकेत शोधणारेही निघाले. अंगारे-धुपारे नाकारणाऱ्यांनी इथेही भूत पाहू नये. शब्दांची मोळी यंत्रही बांधू शकते.

प्रश्न खरा आहे तो रिकाम्या जागेचा. मायकेल गोलेबिएव्स्की यांनी २०१८ मध्ये 'डेटा व्हॉइड' अशी संकल्पना मांडली: ज्या विषयावर विश्वसनीय मजकूर फारसा नाही, तिथे कोणीही आपला मजकूर सहज वर चढवू शकतो. मराठीत अशा जागा किती! बाबासाहेबांच्या नावाने फिरणारी वचनेच पाहा. 'सुविचारां'च्या पानांवर ना खंड दिलेला असतो ना पृष्ठ, आणि मुले ती थेट वक्तृत्व स्पर्धेत म्हणतात. शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडशः प्रसिद्ध केली. वचन खरे की खोटे हे तिथे तपासता येते, पण त्यासाठी खंड उघडावे लागतात. नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीतच परिषद भरली. आमच्या वर्गातल्या मुलांनी हा विषय फोनवर शोधला तेव्हा दर्शनाच्या वेळा आणि हॉटेले आधी आली.

यात सारा दोष यंत्राचा नाही. आपली नियतकालिके आणि स्मरणिका बहुतांशी कपाटात आहेत. ज्या गेल्या काही दशकांत संगणकावर जुळवल्या, त्यांतल्याही कित्येक युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. कागदावर त्या मराठी दिसतात, पण मजकूर उचलून शोधायला गेले की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा खिचडा हाती येतो. नुसते छायाचित्र चढवले तरी आतला शब्द सापडेल याची खात्री नाही. हा मजकूर युनिकोडमध्ये उतरवणे, खाली साल, अंक आणि पृष्ठ देणे, हे काम कंटाळवाणे आहे. आमच्याकडे एम.ए.च्या चार मुलांनी एका जुन्या अंकापासून ते सुरू केले आहे. महिन्याला जेमतेम तीस पाने होतात.