शोधांचे शहर आणि उघडी वेस

शोध म्हणजे एकांतात बसलेल्या प्रतिभावंताची निर्मिती, हा समज आपल्या पाठ्यपुस्तकांनी चांगलाच रुजविला आहे. जेम्स वॅट आणि किटलीची गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. परंतु वॅटने सुधारित वाफयंत्राचे पेटंट १७६९ साली घेतले, त्यानंतर कित्येक वर्षे ते यंत्र व्यवहारात उतरलेच नाही, आणि अखेर उतरले ते इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या आश्रयाने, हे सहसा सांगितले जात नाही.

या शहरापाशी होते तरी काय? बंदर नव्हते, जहाजे चालतील अशी नदी नव्हती, विद्यापीठही नव्हते. १८३८ पर्यंत नगराची सनदसुद्धा नव्हती. किंबहुना हेच त्याच्या पथ्यावर पडले. धंद्यात कोणी यावे आणि कोणी येऊ नये हे ठरविणाऱ्या कारागिरांच्या बलिष्ठ श्रेणी तेथे नव्हत्या. १६६५ च्या कायद्याने अधिकृत चर्चशी मतभेद असलेल्या धर्मोपदेशकांना सनदी नगरांच्या पाच मैलांच्या आत राहण्यास मज्जाव केला होता. बर्मिंगहॅम सनदी नगर नसल्याने त्यातून सुटले. नव्या हातांना आणि नव्या मतांना त्या शहराची वेस उघडी राहिली. बटणे, बकले, बंदुका करणारे असंख्य छोटे कारखाने तेथे शेजारी शेजारी नांदू लागले.

अशाच एका बकले करणाऱ्याचा मुलगा मॅथ्यू बोल्टन याने १७७५ मध्ये वॅटशी भागीदारी केली. त्याने भांडवल दिले, कुशल कारागीर दिले. जॉन विल्किन्सनने अचूक पोकळीचे सिलिंडर कोरून दिले आणि १७७६ मध्ये यंत्रे प्रत्यक्ष चालू लागली. बोल्टन, वॅट, वैद्य इरॅस्मस डार्विन, रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली ही मंडळी पौर्णिमेच्या सुमारास एकत्र जमत, कारण चांदण्यात घरी परतणे सोपे जाई. कारखानदार आणि विद्वान एका पंक्तीस बसत, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

तथापि उघडी वेस बंदही होऊ शकते. १७९१ च्या जुलैमध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या सहानुभूतिदारांवर चिडलेल्या जमावाने प्रीस्टलीचे घर, प्रयोगशाळा आणि ग्रंथसंग्रह यांचा विध्वंस केला; १७९४ मध्ये तो अमेरिकेस निघून गेला. दुसरीकडे संसदेने १८०० पर्यंत वाढवून दिलेल्या पेटंटच्या बळावर बोल्टन आणि वॅट यांनी प्रतिस्पर्ध्यांना न्यायालयात खेचले. कालचा नवागत आज द्वारपाल होतो तो असा.

आज आपलीही शहरे नवसंशोधनाची केंद्रे उभारीत आहेत. जमीन, वीज, करसवलती हव्यातच. परंतु औद्योगिक वसाहतीतील फिटर आणि महाविद्यालयातील प्राध्यापक कधी एकत्र बसतात काय? परगावच्या, अन्य जातीच्या वा न पटणाऱ्या मताच्या माणसाला आपल्या शहरात भाड्याने गाळा मिळतो काय? महापालिकेच्या अंदाजपत्रकात या प्रश्नांना रकाना नसतो. म्हणूनच ते नागरिकांनी विचारावयास हवेत.