आधी जागा, मग पुतळा

स्मारकाची चर्चा आपल्याकडे उंचीपासून सुरू होते आणि उंचीपाशीच संपते. मी मात्र वर्षानुवर्षं एकच धोशा लावला आहे: पाहणारा कुठे उभा राहणार, ते आधी ठरवा. उत्तरेकडे तोंड केलेल्या पुतळ्याचा चेहरा आपल्याकडे वर्षातला बराच काळ सावलीत असतो. चौथरा फार चढवला की खालून फक्त घोड्याचं पोट दिसतं. भव्यतेवाचून आदर व्यक्तच होत नाही, असं मानणारे काही जाणकार यावर माझ्याशी आजही भांडतात.

त्यांनी पुण्याच्या शिवाजीनगरात जाऊन विनायक पांडुरंग करमरकरांचा अश्वारूढ शिवाजी पाहावा. सुमारे साडेतेरा फुटांचा हा पुतळा 1928 साली उभा राहिला. स्मारकाची मूळ कल्पना राजर्षी शाहू महाराजांची. एवढं मोठं ब्राँझ एकसंध ओतायचं, तेही त्या काळात, म्हणजे साच्यात रस कुठे अडकला तर सगळ्या मेहनतीवर पाणी. पण माझं मन ओतकामापेक्षा प्रमाणावर जडलं आहे. साडेतेरा फुटांत घोड्याची शीरन्‌शीर आणि शिवाजी महाराजांची मुद्रा एकाच नजरेत मावते. हाच शिल्पकार अलिबागजवळच्या सासवण्यात, आपल्या घराच्या अंगणात, म्हैस घडवून जमिनीवर बसवतो. तिच्याजवळ जाऊन तिच्या अंगावरून हात फिरवावासा वाटतो. कोणत्या विषयाला किती चौथरा द्यावा, हे ज्याला शिकायचं असेल त्याने सासवणं चुकवू नये.

मुंबईत गेटवेसमोरचा सदाशिव साठ्यांचा शिवाजी 1961 चा. त्याच्याभोवती मोकळी जागा आहे, हे त्याचं भाग्य. मुंबईतलाच काळा घोडा चौक तर याहून बोलका. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्ये तिथून हलवला, तरी चौकाचं नाव गेलं नाही. 2017 मध्ये स्वाराविना नवा घोडा तिथे आला. लोकांच्या मनात जागा रुजते ती अशी.

रस्त्यांवर आणि पदपथांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच बजावलं आहे.

आताचं चित्र पाहून मात्र जीव तुटतो. फायबरवर ब्राँझचा रंग मारायचा, वाहतुकीच्या बेटावर पुतळा बसवायचा आणि जयंतीला हार घालता यावा म्हणून पाठीमागे लोखंडी जिना जोडायचा! तो जिना वर्षभर पुतळ्याच्या आकृतीला चिकटून राहतो. हार कसा चढणार, धुणं-पुसणं कोण करणार, हा प्रश्न पहिल्या रेखाटनात सुटायला हवा. हवामानाचंही तसंच. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 ला अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा 35 फुटी पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. खारा वारा आणि कोकणचा पावसाळा काही नव्याने आलेले नव्हते.

तुमच्या गावात स्मारक समिती बसली, तर मातीच्या मॉडेलवर खूश होऊन सही करू नका. ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीचा बांबूचा सांगाडा उभा करायला लावा आणि सकाळ-संध्याकाळ चारी बाजूंनी पाहा. मगच ओतकामाला परवानगी द्या.