पिंग किती येतोय?

सकाळी ७.१५
सांगली, विश्रामबाग. जानेवारीची थंडी आहे, उसाचा हंगाम जोरात आहे. चहा हातात येण्याआधीच तीन फोन झालेत आणि तिघांचं गाऱ्हाणं एकच: "दादा, लाल लाइट लागलीय." राउटरवरचा 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला की समजायचं, फायबरमधून प्रकाश येणं बंद झालं. तिघंही माधवनगर रस्त्याचे. म्हणजे घरात काही बिघडलेलं नाही, केबल बाहेर तुटलीय. बुटाची नाडी बांधता बांधता दादा एवढं ओळखतो.

वय बत्तीस. पूर्वी केबल टीव्हीच्या काळ्या वायरी ओढायचा, आता एका स्थानिक नेटवाल्याकडं फायबर ओढतो. पगार अठरा हजार. नवीन कनेक्शन जोडलं की वर दोनशे. लाल लाइट घालवण्याचे वेगळे पैसे नाहीत.

सकाळी ७.५०
साखर कारखान्याच्या वाटेवर. ट्रॉलीत ऊस शिगेच्या वर हातभर रचलेला होता. रस्ता ओलांडणारी केबल त्यात अडकली, दोन खांबांमधली तुटून खाली आली. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही नसेल. या चार महिन्यांत हे चालायचंच. पावसाळ्यात झाडाच्या फांद्या, गणपतीत उंच मूर्ती, हंगामात ऊस.

दुचाकीला बांधलेली बांबूची शिडी सुटते. हाताखालचा पोरगा ती धरतो. दादा स्वतः खांबावर चढतो, तुटलेलं टोक खेचून घेतो, नवा तुकडा टाकतो. या वेळी केबल दोन हात वर बांधतो.

सकाळी ८.२०
आता बारीक काम. दुचाकीच्या सीटवर टॉवेल पसरला, त्यावर स्प्लाइसिंग मशीन. किंमत लाखाच्या आसपास, म्हणून ते पोराच्या हातात जात नाही. आधी जोड झाकणारी स्लीव्ह ओवून घ्यायची. ती विसरली तर जोड तोडून पुन्हा पहिल्यापासून. मग स्ट्रिपरनं वरचं आवरण काढायचं, स्पिरिटच्या कापसानं काच पुसायची, क्लीव्हरनं टोक सरळ कापायचं. काचेची जाडी १२५ मायक्रॉन. त्यातही प्रकाश धावतो तो गाभा फक्त ९ मायक्रॉनचा. दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर येतात, पडद्यावर मोठी होऊन दिसतात. बटण दाबलं की ठिणगी उडते आणि काच काचेत वितळते. पडद्यावर आकडा येतो: लॉस ०.०२. "झ्याक." कापलेल्या काचेचे कण तो चिकटपट्टीवर गोळा करतो. बोटात घुसले तर दिसत नाहीत आणि निघतही नाहीत.

अशा सहा काचा, नव्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना मिळून बारा जोड. साडेनऊला तिन्ही घरांतून फोन येतो: हिरवी लाइट आली.

सकाळी ९.४५
गाड्यावर दोन चहा, दोन वडापाव. साठ रुपये. पोराचेही हाच देतो.

सकाळी ११.००
नवीन कनेक्शन, तिसरा मजला. वडील बँकेत, साताऱ्याहून बदली होऊन आलेत. मुलगा वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. टेबलावर कॉम्प्युटर, कानावर हेडफोन. व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम खेळतो.

"दादा, ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला तर पिंग कमी होईल?"

"नाही भावा. गेमला एक-दोन एमबीपीएस रग्गड झालं. गेम डाउनलोड करायला, अपडेट यायला मोठा प्लॅन बरा. पिंग म्हणजे निरोप सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ, तो त्यानं हलत नाही."

मुलाला पटत नाही. साताऱ्यात, सदर बझारला, घरी फायबर होतं तेव्हा पिंग १२ यायचा. इथं आल्यापासून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळतोय, कधी ४०, कधी १५०. त्याचा हिशेब सरळ आहे: सर्व्हर मुंबईत, सांगली साताऱ्यापेक्षा लांब, म्हणून पिंग जास्त.

दादा ड्रिल खाली ठेवतो. काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. सांगली ते मुंबई पावणेचारशे किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन जेमतेम चार मिलिसेकंद. साताऱ्याहून अडीच. "फरक दीडाचा. तुझा जातोय शंभराचा. तो मुंबईच्या रस्त्यात नाही, कुठंतरी जवळच जातोय."

सकाळी ११.४०
गच्चीवरून केबल खाली येते. खिडकीच्या चौकटीतून आत घेताना तो तिला काटकोनात मुडपत नाही, मोठा वळसा देतो. काच मुडपली की प्रकाश बाहेर सांडतो. मग पॉवर मीटर लावतो: उणे १९. चांगलं आहे. उणे २७ च्या खाली गेलं की राउटर रडायला लागतो.

मुलाच्या आईला, काकूंना, राउटर हॉलमध्ये, टीव्हीमागच्या कपाटात हवाय. दिसायला बरं. तो आधी तिथंच ठेवून दाखवतो. मुलगा आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. वायफायवर पिंग लावतो: १६, १८, ९०, १७, १३५. मग पिशवीतली लांब लॅन वायर राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत जमिनीवरून टाकतो. १४, १४, १५, १४, १४.

मुलगा बराच वेळ पडद्याकडं बघतो. "प्लॅन तोच?"

"तोच. मधे फक्त वायर आली."

कॅट-६ वायर मीटरला वीस रुपये. पंधरा मीटर, तीनशे. टोकाच्या दोन पिना वीस रुपये. काकू दाराच्या वरून पट्टीत घालून न्यायला तयार होतात. पट्टीचे ऐंशी. प्लॅन शंभर एमबीपीएसचा ठरतो: ५९९ अधिक १८ टक्के जीएसटी, ७०७ रुपये महिना. वडील वर्षाचे एकदम भरायला निघतात, ऑफर आहे म्हणून. तोच म्हणतो, "आधी महिन्याचे भरा. रात्री नऊला कसं चालतंय बघा, मग वर्षाचं." मालकानं हे ऐकलं असतं तर आवडलं नसतं.

निघताना वडील हळूच विचारतात, गेमवर सरकारनं बंदी आणली ना? तो सांगतो: ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे गेम बंद केले. हा त्यातला नाही. अभ्यासाचं तुमचं तुम्ही बघा.

दुपारी १.४५
गणेशनगरच्या बोळात दुचाकी लावून डबा. भाकरी, वांग्याची भाजी, खर्डा. जेवतानाही फोन. टॉवरवरून बिनतारी येणारं एअरफायबर घेऊ की वायरचं? "केबल येत असेल तर केबल. येत नसेल तर एअरफायबर घ्या, पिक्चर छान चालतील. गेम टॉवरवरच्या गर्दीवर अवलंबून." गिऱ्हाईक हातचं जातं का, याचा विचार तो करत नाही. उद्या तक्रार ऐकायला यालाच जावं लागतं.

दुपारी ३.३०
मिरज. फायबर शाबूत, पॉवर बरोबर, तरी रोज संध्याकाळी नेट जातं. कारण लगेच सापडतं: वीज गेली की राउटर बंद. पुन्हा सुरू होऊन जोडणी यायला दोन-तीन मिनिटं जातात, तोवर गेम हरलेला. राउटरचा छोटा यूपीएस दीड-दोन हजाराला येतो. तो स्वतः विकत नाही, दुकान सांगतो.

संध्याकाळी ६.३०
ऑफिस. मशीन पुसून पेटीत. उरलेली केबल मोजून वहीत. आजचं पेट्रोल दोनशे दहा. मालक महिन्याला दोन हजार देतो, ते वीस तारखेच्या आत संपतात. आज एक कनेक्शन, म्हणजे वरचे दोनशे. पेट्रोलसुद्धा त्यात बसत नाही.

रात्री ९.१०
ताटावर बसलाय आणि सकाळचा मुलगा फोनवर. "दादा, वायरवर पण १२० येतोय!"

"घरात आत्ता कोण काय करतंय?"

बहिणीनं नवीन वायफाय मिळाल्या मिळाल्या फोनमधले सगळे फोटो-व्हिडिओ बॅकअपला लावलेत. वर जाणारा रस्ता तिनं भरून टाकलाय, गेमचा निरोप मागं रांगेत. "तिला सांग रात्री झोपताना लाव." बॅकअप थांबतो. १५. उद्या जाता जाता राउटरमध्ये अपलोडला मर्यादा घालून देईन, असं सांगून तो फोन ठेवतो आणि आमटी पुन्हा गरम करून घेतो.

रात्री १०.००
दिवसभर त्याच्या मागं हिंडल्यावर गेमसाठी नेट घेणाऱ्याला एवढंच सांगता येईल. जाहिरातीतला एमबीपीएसचा आकडा शेवटी बघा. शेजाऱ्याकडं तेच कनेक्शन असेल तर रात्री नऊला त्याच्या घरी बसून पिंग बघा. तो किती कमी आहे यापेक्षा किती स्थिर आहे ते बघा. लॅन वायरचे चारशे रुपये वाचवू नका. आणि पैसे भरण्याआधी एक विचारून घ्या: उसाच्या ट्रॉलीनं केबल तोडली तर शिडी घेऊन कोण येणार आणि किती वाजता. याचं सरळ उत्तर ज्याच्याकडं मिळेल, त्याचंच कनेक्शन घ्या.