चालतंय म्हणजे बरोबर आहे?

सॉफ्टवेअर चांगले की वाईट हे ठरवताना आपण बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: ते चालते का? ही कसोटी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. यंत्राचे भाग झिजतात, लोखंड गंजते. प्रोग्रामचे तसे होत नाही. वीस वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ आजही अक्षरशः तशीच असते. बदलते ते तिच्या भोवतालचे जग. प्रत्येक प्रोग्राम काही गोष्टी धरून चालतो: अमुक आकडा अमुक मर्यादेपलीकडे जाणार नाही, माहिती याच क्रमाने येईल, चूक झाली तर दुसरे कोणीतरी ती अडवेल. ही गृहीतके खरी असतात तोवरच प्रोग्राम बरोबर असतो. म्हणून ती उघड लिहून ठेवणे आणि परिस्थिती बदलली की पुन्हा तपासणे, हे चांगल्या सॉफ्टवेअरचे पहिले तत्त्व मानायला हवे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा युरोपच्या अंतराळ कार्यक्रमात सापडतो. 4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून ‘एरियन 5’ या नव्या रॉकेटचे पहिले उड्डाण झाले. जेमतेम चाळीस सेकंदांत ते मार्गावरून भरकटले, तुटले आणि नष्ट झाले. पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाच्या अभ्यासासाठी बनवलेले ‘क्लस्टर’चे चारही उपग्रह त्याच्यासोबत गेले. इंजिनात दोष नव्हता. रॉकेटची दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेतले सॉफ्टवेअर आधीच्या ‘एरियन 4’मधून घेतलेले होते आणि तिथे ते उत्तम चालले होते. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक 64 बिटांची संख्या 16 बिटांच्या जागेत बसवली जात होती. त्या जागेत 32,767 पेक्षा मोठा आकडा मावत नाही. जुन्या रॉकेटच्या मार्गावर तो कधीच तेवढा वाढत नसे. नव्या रॉकेटचा आडवा वेग कितीतरी लवकर वाढला, आकडा मावेना आणि यंत्रणा बंद पडली. जोडीला ठेवलेली राखीव यंत्रणाही त्याच कारणाने बंद पडली, कारण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर होते. मुख्य संगणकाने बिघाडाचा संदेश उड्डाणाची माहिती समजून वाचला आणि रॉकेट वळवले.

गणितज्ञ जाक-लुई लिआन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाचा अहवाल म्हणूनच प्रोग्रामरांनी वाचावा असा आहे. धोक्याच्या सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते, तीन तशाच सोडल्या होत्या. हा विसरभोळेपणा नव्हता. संगणकावरचा भार 80 टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि या तीन संख्या मर्यादा ओलांडणार नाहीत असा हिशेब होता. जुन्या रॉकेटपुरता तो बरोबरही होता. पण त्याचे कारण खुद्द कोडमध्ये कुठेच नमूद नव्हते. नव्या रॉकेटच्या मार्गाची आकडेवारी त्या यंत्रणेच्या आवश्यकतांमध्ये आलीच नाही, त्यामुळे चाचणीतही ती वापरली गेली नाही. त्यावर कडी म्हणजे, ज्या भागात हा बिघाड झाला त्याची ‘एरियन 5’मध्ये उड्डाणानंतर काहीच गरज नव्हती. चालतंय ना, मग कशाला हात लावा, म्हणून तो तसाच राहिला.

यावर कोणी म्हणेल की जुने, कसाला लागलेले कोड पुन्हा वापरणे हेही एक मान्य तत्त्व आहे. सगळे नव्याने लिहिले तर नव्या चुका होतील. हे खरे आहे. पण कोड कसाला लागते ते विशिष्ट परिस्थितीत. कॅनडात बनलेल्या ‘थेरॅक-25’ या कर्करोगावरील किरणोपचार यंत्राने 1985 ते 1987 या काळात सहा रुग्णांना किरणांचा प्रचंड जादा डोस दिला. काहींचा त्यात मृत्यू झाला. त्याच्या सॉफ्टवेअरमधली एक चूक आधीच्या ‘थेरॅक-20’मध्येही होती. तिथे विद्युत-यांत्रिक सुरक्षा कड्या डोस अडवत, त्यामुळे ती दडून राहिली. नव्या यंत्रात त्या कड्या काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला गेला. जुने कोड जरूर वापरावे, मात्र ते कशाच्या आधारावर उभे होते याची नोंद सोबत हवी.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे: मुदत डोक्यावर असताना एवढे लिहायला वेळ कुणाला, आणि साधा बिलिंगचा प्रोग्राम काही रॉकेट नव्हे. पण बदल तर तिथेही येतोच. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला तेव्हा करांचे प्रकार, दर आणि बिलाची मांडणी एका रात्रीत बदलली. कराचा दर प्रोग्रामभर जागोजागी लिहिलेला असेल, तर तो प्रत्येक ठिकाणी शोधून बदलावा लागतो आणि एखादी जागा हमखास निसटते. एकाच ठिकाणी, अर्थपूर्ण नावाने ठेवलेला असेल, तर निदान दर बदलण्याचे काम सोपे होते. भरपूर चाचण्या केल्या की झाले, हेही उत्तर पुरे पडत नाही. चाचणी चुका आहेत हे दाखवू शकते, नाहीत हे सिद्ध करू शकत नाही, असे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी बजावून ठेवले आहे. चाचणी लिहिणाऱ्याच्याही मनात तीच गृहीतके असतील, तर ती चाचणी हमखास पास होते.

छोटे भाग, स्पष्ट नावे, नको असलेले कोड काढून टाकणे, मर्यादा तपासणे ही सगळी परिचित तत्त्वे याच एका गरजेतून येतात: पुढच्या माणसाला आपण काय धरून चाललो होतो ते कळावे. सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्यांनीही ते स्वीकारताना ‘चालते का’ एवढ्यावर थांबू नये. ‘कधी चालणार नाही’ हेही विचारावे आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे.